छातीचं ऑपरेशन, दोन लेटरं आणि तंबाखू

आधीच सांगतो, हे सगळं 2021 ते 2023 मधलं आहे आणि हा कुणाला सल्ला नाही, माझ्यासोबत काय झालं तेवढंच लिहितोय. मी तासगाव तालुक्यातला, घरची द्राक्षबाग, नोकरी सांगलीच्या मार्केट यार्डात एका बेदाण्याच्या अडत दुकानात. दिवाणजी म्हणतात तिकडं आम्हाला. जन्मदाखल्यावर मुलगी लिहिलंय. ट्रान्समॅन (जन्माला मुलगी म्हणून नोंद, पण असतो पुरुष) हा शब्द मला चोविसाव्या वर्षी मोबाईलवर कळला, बाकीचं आधीपासून माहितीच होतं.

यार्डात मी पहिल्या दिवसापासून शर्ट पँटमध्येच. हमाल लोक "काय मर्दा, पट्टी झाली का" म्हणून हाक मारायचे. आता आमच्याकडं मर्दा कुणालाही म्हणतात, त्यात विशेष काय नाही, पण मला तेवढ्यावर अख्खा दिवस जायचा. त्यांच्यात बसता यावं म्हणून मी तंबाखू मळायला शिकलो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

छाती दाबायला आधी क्रेप बँडेज वापरायचो, पाय मुरगळल्यावर बांधतात ते. ते कधीच वापरू नका, श्वास घेतला की आणखी आवळतं, माझ्या बरगड्या आठवडा आठवडा दुखायच्या. नंतर ऑनलाइन बाइंडर मागवला, छाती सपाट दिसायला घालतात ती घट्ट बनियन. तोही सात-आठ तासांच्या वर घालायचा नसतो, पण एप्रिलमध्ये बेदाण्याचा सौदा सकाळी सुरू झाला की हिशोब रात्री नऊला संपतो, मग कोण काढतंय. घामोळं, त्याच्यावर खाज, त्याच्यावर पावडर, पावडरीचा चिखल. म्हणून ऑपरेशन करायचं ठरवलं. एवढं साधं कारण होतं खरं तर. पण साधं कारण पुढं कुणाला चाललं नाही.

जुलैचा पूर होऊन गेल्यावर, ऑक्टोबर 2021 मध्ये मी पहिल्यांदा मिरजेत एका सायकॅट्रिस्टकडं गेलो. पुण्याच्या ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन करायचं होतं तिथून फोनवर यादीच आली होती: दोन मानसोपचार डॉक्टरांची दोन लेटरं (याचं ऑपरेशन करायला हरकत नाही अशी), एक वर्ष हार्मोन (टेस्टोस्टेरॉन, पुरुषी हार्मोन), एक वर्ष 'पुरुष म्हणून राहिल्याचा' अनुभव, आणि आईवडिलांची संमती. एक वर्ष पुरुष म्हणून राहून दाखवा! मी दहावीपासून ट्रॅक्टर चालवतोय, दादाचे जुने शर्ट घालतोय, आता वेगळं काय राहून दाखवू? आणि ते मोजणार कोण, ग्रामसेवक दाखला देणार का?

तर मिरजेचे डॉक्टर. माणूस वाईट नव्हता, आवाज पण चढवला नाही. पण पहिला प्रश्न आला, "लहानपणी काय खेळायचीस?" आता खरं सांगतो, मी सागरगोटे खेळायचो. मामाच्या गावाला उन्हाळ्यात मामे-मावस बहिणी जमायच्या आणि त्यांच्यात माझा हात कुणी धरायचं नाही, पाच-पाच खडे एका झेलात. भातुकली पण खेळलोय, आवडायची मला, मी खोटंखोटं शेंगदाण्याचं कूट करायचो. पण ऑनलाइन एवढं वाचून गेलो होतो की तोंडातून आपोआप आलं, "विटीदांडू. गोट्या. क्रिकेट." डॉक्टरनी लिहून घेतलं. मग बाहुल्या आवडायच्या का? नाही. साडी नेसली कधी? नाही, (नेसली होती, शाळेच्या गॅदरिंगला, आणि लय मजा आली होती नाचायला.) मुली आवडतात का? हो म्हटलं, ते खरं होतं, पण ते खोटं असतं तरी हो म्हटलं असतं, कारण पुरुष आवडणारा ट्रान्समॅन म्हटलं की पुढचे सहा महिने त्याच्यावर गेले असते. कधी शंका आली का मनात? नाही, कधीच नाही.

हे शेवटचं सगळ्यात मोठं खोटं. मला शंका ढीगभर होत्या. ऑपरेशन पाहिजे की नको याची नव्हती. व्रण कसा दिसणार, छातीला स्पर्श कळणार की नाही, निप्पल काळं पडून गळतं म्हणतात ते खरं का, टेस्टोस्टेरॉन घेतल्यावर पुढं मूल होईल का, नंतर पस्तावलो तर. हे सगळं मी केव्हापासून कुणालातरी विचारायला घेऊन फिरत होतो, आणि ज्या माणसाला विचारायचं त्याच्याच हातात माझं लेटर. त्याच्यासमोर शंका काढली तर तो म्हणणार, अजून थांबा. म्हणून चार सेशन, दर वेळी आठशे रुपये, आणि दोघंही एकमेकांशी मुलाखत मुलाखत खेळलो.

यादीबद्दल मी नंतर वाचत बसलो. डब्ल्यूपाथ म्हणून ट्रान्स लोकांच्या आरोग्यावर काम करणारी डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिची नियमावली बहुतेक सर्जन प्रमाण मानतात. 1979 पासून निघतीये ती. त्यावेळी चालू असलेल्या सातव्या आवृत्तीत छातीच्या ऑपरेशनला एकच लेटर लागायचं, आणि ट्रान्समॅनला त्याच्याआधी हार्मोन घेतलेच पाहिजेत असं काही नव्हतं. दोन लेटरं आणि बारा महिने वगैरे खालच्या, म्हणजे जननेंद्रियाच्या ऑपरेशनसाठी. म्हणजे मला सांगितलेली यादी ही दुसऱ्याच ऑपरेशनची यादी होती, वर आईवडिलांची संमती घरची भर! पुण्याला फोन करून सांगितलं तर पलीकडची मॅडम म्हणाली, "आमची पॉलिसी आहे सर." सर म्हणाली. म्हणजे सर तर मी होतोच, फक्त सरांना पप्पांची सही पाहिजे होती.

आता वादाकडं येतो. आम्ही तिघं महिन्यातून एकदा सांगलीत कृष्णेच्या घाटावर भेटायचो. मी, साताऱ्याचा एक दोस्त, तोही ट्रान्समॅन, पोलीस भरतीचा नाद असलेला (त्याला सातारकरच म्हणतो इथं), आणि मिरजेच्या बाजूला राहणाऱ्या अक्का. अक्का साठीच्या, हिजडा घराण्यातल्या, त्यांचं 'निर्वाण', म्हणजे लिंग काढून टाकायचा विधी, कित्येक वर्षांपूर्वी झालेलं. भडंग घ्यायचो, आयर्विन पुलाकडं तोंड करून बसायचो आणि भांडायचो.

सातारकरचं म्हणणं एकदम कडक, एकही अट नको. त्याचा मुद्दा असा की जिममधल्या पोराची छाती वाढली, गायनेकोमास्टिया म्हणतात त्याला, तर तो सर्जनकडं जातो आणि तारीख घेऊन येतो. त्याला कोण विचारतं, लहानपणी काय खेळायचास? टक्कल पडलेला माणूस केस लावून घेतो, त्याला सायकॅट्रिस्टचं लेटर लागतं का? "त्याला छाती नको, मला पण छाती नको. त्याला पाच मिनिटं, मला दोन वर्षं. का तर त्याचं बोललेलं खरं आणि माझं तपासायचं." याला माझ्याकडं त्या दिवशी उत्तर नव्हतं, आजही नाही.

त्याची घाई पण समजण्यासारखी होती. बाइंडर घालून सोळाशे मीटरचा सराव करायचा तो, अजिंक्यताऱ्याच्या चढाला, एकदा चक्कर येऊन पडला. पुढं डिसेंबर 2022 मध्ये मुंबई हायकोर्टानं पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी सोय करा, मैदानी चाचणीचे नियम करा असं सरकारला सांगितलं, तेव्हा तर तो वेडाच झाला आनंदानं, आणि मग लगेच रडकुंडीला आला, कारण वय निघून चाललेलं आणि ऑपरेशनच्या यादीतली वर्षं अजून सुरूच झाली नव्हती.

अक्का ऐकून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "व्हय रं, आमच्या वेळी कुणी लेटर मागितलं नाही. भूल पण दिली नाही." दाईनं केलेलं ते. मग चाळीस दिवस खोलीत, आरसा बघायचा नाही. रक्त थांबेना तेव्हा दवाखान्यात न्यायला सगळे घाबरले, पोलीस केस होईल म्हणून. त्यांच्यासोबतची एक गेलीच त्यात. "अट नको म्हणतोस ते बरोबर हाय लेका, पण बघणारं कुणीतरी पाहिजे का नको?" सातारकर म्हणायचा, अक्का, बघणारा वेगळा आणि अडवणारा वेगळा. अक्का म्हणायच्या, एकच माणूस असतो तो बऱ्याचदा. इथं येऊन वाद अडकायचा आणि भडंग संपायचं.

मी मधी लोंबकळत. मला पस्तावणाऱ्यांची भीती वाटायची. तसे लोक फार थोडे निघतात असं अभ्यासातून दिसतं, पण थोड्यात आपण निघालो तर? सातारकर म्हणायचा मग ती भीती डॉक्टरला सांग की. सांगू कशी, लेटर अडकतंय की.

फेब्रुवारी 2022 मध्ये हार्मोन सुरू झाले, कोल्हापूरच्या एका डॉक्टरांकडून. इथं पहिल्यांदा मला दुसऱ्या जातीच्या अटी भेटल्या. त्यांनी आधी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 8.9. दर महिन्याला भरपूर रक्त जायचं आणि मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं, कोणत्या तोंडानं सांगणार, यार्डात दिवाणजी आणि पाळी. डॉक्टर म्हणाले टेस्टोस्टेरॉननं पाळी थांबेल, हिमोग्लोबिन चढेल, कदाचित जास्तच चढेल आणि रक्त घट्ट होईल, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासायचं, सोबत लिव्हर आणि कोलेस्टेरॉल. आवाज फुटला की परत येत नाही. मूल हवं असेल तर बीजं गोठवून ठेवायचा विचार औषध सुरू करायच्या आधी करा. हे त्यांनी विचारलं आणि मी गप्पच बसलो पाच मिनिटं. चार सेशनमध्ये मला बाहुल्या विचारल्या, मुलाचं कुणी विचारलं नव्हतं. त्याच्याआधी एकदा आईनं विचारलेलं, भाकरी थापताना, माझ्याकडं न बघता.

या डॉक्टरांनी पण मला थांबवलं बरं का, दीड महिना, आयर्नच्या गोळ्यांवर. पण त्या थांबण्याचा राग आला नाही. आकडा समोर होता, तो वाढला की पुढं जायचं, त्यात मला नाटक करून काही मिळवायचं नव्हतं.

मधल्या काळात जगात बरंच सरकत होतं. 1 जानेवारी 2022 पासून जागतिक आरोग्य संघटनेची नवी आजारांची यादी लागू झाली, आयसीडी-11, तिच्यात हे ट्रान्स असण्याचं प्रकरण मानसिक आजारांतून काढून लैंगिक आरोग्यात टाकलेलं. सप्टेंबर 2022 मध्ये डब्ल्यूपाथची आठवी आवृत्ती आली, तिच्यात मोठ्या माणसांना खालच्या ऑपरेशनसाठी सुद्धा एकच लेटर पुरे म्हटलंय. मी ते पान प्रिंट काढून पुण्याला पाठवलं. उत्तर आलं, पॉलिसी रिव्ह्यू होईल. तोपर्यंत दुसरं लेटर आणा. माझं पहिलं लेटर आलं त्याच्यावर डिसऑर्डर असंच लिहिलं होतं, ते मी पण काय बोललो नाही, लेटर मिळालंय ना, पेढे वाटायचेच बाकी राहिलेले.

ओळखपत्राचं वेगळंच. सुप्रीम कोर्टाचा 15 एप्रिल 2014 चा, ट्रान्स लोकांच्या हक्कांबद्दलचा नालसा निकाल आहे, त्यात स्पष्ट आहे की लिंग ओळखायला ऑपरेशनची अट घालणं बेकायदा. त्यावेळी 2019 च्या कायद्यात ट्रान्सजेंडर म्हणून प्रमाणपत्र जिल्हाधिकारी द्यायचे, आणि 2020 च्या नियमाप्रमाणे ते प्रतिज्ञापत्रावर, शारीरिक तपासणी न करता, तीस दिवसांत द्यायचं होतं. मी पोर्टलवर अर्ज केला. दोन महिन्यांनी एका ऑफिसातून फोन, "ऑपरेशनचा दाखला जोडला नाही." म्हटलं साहेब, ऑपरेशन झाल्यावरचा दाखला वेगळा, कलम 7, त्यात पुरुष असं लिहून मिळतं, हा त्याच्या आधीचा, कलम 6. पलीकडं शांतता. मग म्हणाले, "ते बीडच्या ललिताचं झालं तसंच ना तुमचं?" ललित साळवेंची बातमी 2018 मध्ये सगळ्यांनी वाचलेली, पोलीस खात्यातले, मुंबईत ऑपरेशन झालं. महाराष्ट्रात तेवढंच एक माहिती असतं लोकांना आणि ते पण कोर्टापर्यंत गेल्यावर. मी नियमाची प्रत घेऊन गेलो, त्या टेबलावरच्या माणसानं खरंच बसून वाचली, ओठ हलवत वाचली, आणि आठवड्यात कार्ड आलं. त्याचं मला कौतुकच वाटतं.

आता आईवडिलांची संमती. सत्तावीस वर्षांचा होतो मी. अठरा पूर्ण झालेल्या माणसाची सही त्याची त्यालाच. मी भांडणार होतो, पण भांडलो तर तारीख जाणार, आणि तारीख बागेवर ठरलेली. ऑक्टोबरमध्ये छाटणी, जानेवारीपासून माल, मग बेदाणा, एप्रिलला खरड छाटणी. मोकळा काय तो जुलै. म्हणून गेलो आप्पांकडं. घरात सगळ्यांना माहिती होतं पण त्याच्यावर मोठ्यानं कधी बोललो नव्हतो. फॉर्म इंग्लिशमध्ये. आप्पा म्हणाले, "सही करतो, पण कशावर करतोय ते वाचून दाखव."

मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो, ओट्यावर बसून. रक्तस्राव होऊ शकतो. "किती?" जंतुसंसर्ग. "मग तिथंच राहायचं का घरी?" संवेदना जाऊ शकते. गप्प. मग निप्पल काढून आकार लहान करून पुन्हा जागेवर लावतात, ते ग्राफ्ट आहे, ते जगलं नाही तर. आप्पांनी मान वर केली. "म्हणजे कलमच की." आमची सगळी बाग डॉगरीज या जंगली द्राक्षाच्या खुंटावर कलम केलेली, आप्पांनी हातानं भरलेली. "कलम काय सगळी धरत न्हाईत. नाही धरलं तर काय करणार त्यांचं? परत भरतात का?" मला माहिती नव्हतं. दोन वर्षांत एवढ्या कागदांवर फिरलो आणि हा प्रश्न मी सर्जनला विचारलाच नव्हता. आप्पांनी फोन लावायला लावला, स्पीकरवर. सर्जननी नीट सांगितलं, तेवढं परत भरत नाहीत, जखम आपोआप भरते, नंतर पाहिजे तर टॅटू करून रंग देता येतो. "आणि कलम जगायचं असेल तर एक गोष्ट, तंबाखू खाता का?"

आप्पा माझ्याकडं बघतायत. त्यांना माहिती नव्हतं.

निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, ग्राफ्टला रक्त मिळत नाही, काळं पडतं. सहा आठवडे आधी आणि सहा आठवडे नंतर पूर्ण बंद, मिश्रीसुद्धा नाही. नाही जमलं तर तारीख पुढं ढकलू, स्पष्ट म्हणाले. पुरुषांत बसायला मिळावं म्हणून लावून घेतलेली सवय, मिरजेत सांगितली असती तर पुरावा म्हणून लिहून घेतली असती कदाचित, आणि तीच माझ्या छातीवर उठणार होती.

घाटावर हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो बघ, आप्पांच्या सहीच्या अटीमुळं हा प्रश्न निघाला. सातारकर काहीच बोलला नाही. त्याच्या वडलांनी फॉर्म फाडून चुलीत घातला होता आठ दिवसांपूर्वी. अक्कांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तेव्हा कळलं काय बोलून बसलो ते. आप्पा ओट्यावर बसले हे माझं नशीब, ती काय अट म्हणून मोजायची गोष्ट नाही.

दुसरं लेटर पुण्यातल्या एका बाईंकडून घेतलं, त्यांनी पहिल्या दहा मिनिटांतच सांगितलं, "लेटर मी देणारच आहे, तुम्ही मोठे आहात आणि तुम्हाला समजतंय. आता उरलेला तास तुमचा, काय विचारायचंय?" मी सागरगोट्यांपासून सुरुवात केली. तासभर पुरला नाही.

ऑपरेशन जुलै 2023 मध्ये झालं. साडेतीन तास. दोन बाजूला दोन नळ्या, आई त्यातलं रक्त मोजून वहीत लिहायची, दुधाच्या हिशोबाच्या वहीत. आठव्या दिवशी पट्टी उघडली. परत येताना सीटबेल्ट आणि छातीच्या मधी उशी धरून आलो, तरी साताऱ्यापर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकर मोजला. कॉम्प्रेशन जॅकेट सहा आठवडे, वजन उचलायचं नाही, पंप पाठीला लावायचा नाही. उजवं कलम धरलं. डावं कडेनं काळं पडलं, पाव भाग गेला, नंतर भरून आलं पण रंग फिका आहे. चौथ्या आठवड्यात मी एकदा मळली होती, यार्डातले भेटायला आले तेव्हा. आप्पांना अजून सांगितलेलं नाही.

परवा सातारकरचा फोन आला. त्याला शेवटी एक हॉस्पिटल मिळालंय जिथं घरच्यांची सही लागत नाही, एकच लेटर, सोमवारी पहिली अपॉइंटमेंट, मिरजेचेच डॉक्टर. विचारत होता काय काय विचारतात. मी सांगितलं, विटीदांडू म्हण, गोट्या म्हण, शंका कधीच आली नाही म्हण. तो हसला, म्हणाला लिहून घेतो. मग म्हटलं, हे डॉक्टरला नाही, मला सांग, तंबाखू खातोस का अजून.